दसऱ्याचं तेल

आमच्या चाळीत पदवी घेतलेला मी पहिला आणि मोटारगाडी घेतलेलाही मीच पहिला. ही कुणाला बढाई वाटली तर वाटू दे. ज्यांच्या घरी आजोबांपासूनची इंग्रजी पुस्तकं कपाटात असतात त्यांना पदवीचं काही वाटत नाही. आमच्याकडे ती दारावर लागली. माझा निकाल लागला त्याच आठवड्यात बाबांनी लालबागच्या एका पेंटरकडून पत्र्याची पाटी रंगवून आणली. पेंटरने विचारलं होतं, "नाव मोठं काढू की डिग्री?" बाबा म्हणाले, "डिग्री काढ. नाव सगळ्यांकच असता."

त्यामुळे आमच्या दारावर बी.एस्सी. ही अक्षरं पार जिन्यापासून दिसायची आणि नाव वाचायला जवळ यावं लागायचं.

बाबा गिरणीत साचेखात्यात तेलवाले होते. साचे म्हणजे सूत कातायची यंत्रं. त्यांच्यावर ओळीने चात्या फिरतात, आणि त्या फिरत्या चात्यांना वेळच्या वेळी तेल देणं हे तेलवाल्याचं काम. लांब चोचीची झारी घेऊन बाबांनी ते अठ्ठावीस वर्षं केलं. यंत्र कुठे दुखतंय ते त्यांना आवाजावरून कळायचं. चाळीतली शिवणयंत्रं, सायकली, कोपऱ्यावरची पिठाची चक्की, काहीही कुरकुरलं की लोक बाबांना बोलवायचे. बाबा कान लावायचे, तेल द्यायचे आणि यंत्र गप्प व्हायचं. वाचता त्यांना जेमतेम यायचं, तेही मराठी. पण आमच्या मजल्यावर यंत्राच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा होता. माझ्या पदवीनंतरसुद्धा.

मी एका औषध कंपनीत लागलो होतो. डॉक्टरांना भेटायचं, नव्या औषधांची माहिती द्यायची, नमुने ठेवायचे. माहीमपासून शिवडीपर्यंत नमुन्यांची जड बॅग घेऊन मी दोन वर्षं पायपीट केली. ज्याच्याकडे स्वतःचं वाहन त्याला ठाण्यापलीकडचा भाग मिळायचा, आणि तो भाग सांभाळलेला माणूस पुढे साहेब व्हायचा. म्हणून गाडी. हौस नव्हती असं मात्र मी म्हणणार नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. गाडी मिळाली गिरगावात, एका वृद्ध वकिलांकडे. जुन्या मुंबईकरांचं घर. कधीकाळी पुष्कळ जमीनजुमला असावा, आता दोन मजले आणि भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी उरल्या होत्या. वकीलसाहेबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यामुळे गाडी विकायची होती. विलायती बनावटीची, काळी, लढाईच्या आधीची. मागच्या सीटवर तेवढं नवं कापड चढवलेलं होतं. कोपऱ्यातून ते उचलून पाहिलं तर खाली तपकिरी डाग दिसला. कोणीतरी पान थुंकलं असेल, असं म्हणून मी विचारलं नाही.

व्यवहार झाल्यावर त्यांनी मला एक कागद दिला. निळी शाई, वळणदार इंग्रजी अक्षर, दोन्ही बाजूंनी भरलेला.

"गाडीच्या सवयी लिहून ठेवल्यात," ते म्हणाले. "म्हातारी झालीय, माझ्यासारखीच. तुम्हांला इंग्रजी वाचता येतं ना?"

माझी कानशिलं तापली. मी लालबागचा, हे त्यांना माहीत होतं. बाबा गिरणीत आहेत, हेही मीच सांगितलं होतं.

"बी.एस्सी. आहे मी. फिजिक्स घेऊन."

"वा, छान, छान," ते म्हणाले आणि किल्ली शोधायला लागले.

मी त्या कागदाची चौघडी केली आणि गाडीत पुढे जो छोटा कप्पा असतो त्यात टाकली. न वाचता. मला गाडी चालवायला शिकवणारा हा कोण, असं काहीतरी मनात होतं. आज हे लिहायला लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

गाडी चाळीत आली तेव्हा गॅलऱ्या भरल्या. वरच्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या विणकराने वरून खाली पाहून सांगितलं, "झालं, आता पदवीला चाकं लागली. उद्या पंख लागतील." संध्याकाळपर्यंत कोणीतरी खडूने मागच्या दारावर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहिलं. मी ते पुसलं नाही. त्या दिवसांत पुसलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं, आणि पुसायची माझी इच्छाही नव्हती.

बाबा पाळीवरून आले, हातपाय धुतले आणि मग खाली उतरले. एक लाकडी दांडका घेऊन. त्याचं एक टोक त्यांनी चालू इंजिनाला टेकवलं आणि दुसरं कानाला. डोळे मिटले. चाळ गप्प. मीही गप्प. मास्तर पेपर तपासताना पोराने उभं राहावं तसा उभा.

"मशीन चांगला असा," ते म्हणाले. मग तेल मोजायची पट्टी बाहेर काढून त्यांनी बोटाला लावून पाहिली. काळंभोर आणि जाड. बोटाला बोट चिकटत होतं. "ह्या तेल काय काकवी? झिला, ह्येका खाऊक बरा गावला नाय. दसऱ्याक मी बघतंय."

कॉलेजात द्रवाचा चिकटपणा मोजायचा प्रयोग मी केला होता. काचेची नळी, घड्याळ, वही, सगळं. परीक्षेत त्यावर प्रश्न आला आणि उत्तर चांगलं गेलं. पण ते जाड तेल बाबांच्या बोटांवर बघताना मला त्यातलं काहीही आठवलं नाही. कॉलेजातलं तेल कॉलेजात राहिलं.

दसऱ्याला गिरणीत यंत्रांची पूजा असते. आदल्या दिवशी साचे पुसायचे, सकाळी झेंडू आणि आपट्याची पानं वाहायची. बाबांचा त्यात स्वतःचा एक नेम होता. त्या दिवशी पहिलं तेल द्यायचं ते नव्या डब्यातलं, त्याच दिवशी झाकण फोडलेलं. शिळं तेल देवाला चालत नाही म्हणायचे. गाडीसाठीही त्यांनी तसाच सीलबंद डबा आणला. गिरणीतून नाही. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी गिरणीतला सुताचा बोळासुद्धा घरी आणला नव्हता. गिरणीला तेल पुरवणारा एक व्यापारी मसजिद बंदरला होता, त्याच्याकडे स्वतः जाऊन, रांगेत उभं राहून आणलेला तो डबा.

सकाळी धुतलेला सदरा घालून ते गाडीखाली निजले. आईने ओरडून सांगितलं की निदान सदरा तरी काढा, तर म्हणाले, "पूजेक उघडो बसू काय?" खालचा बोल्ट सोडून त्यांनी ती काकवी परातीत काढली. मग नवा डबा फोडला. तेल सोन्यासारखं, पारदर्शक आणि पाण्याच्या धारेनं पडणारं.

"चात्यांचा तेल ह्या," ते मला म्हणाले. "मिनिटाक हजार हजार फेरे घेतत चात्यो, पण तापणत नाय. ह्याच्यापेक्षा भारी तेल गिरणीत नाय."

मी हार घातला, आईने ओवाळलं. किल्ली फिरवली तर गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. इतकी हलकी ती वकिलांच्या दारातही झाली नव्हती. बाबांनी दांडका काढला नाही. नुसतं तिच्याकडे बघत राहिले. "बघ, कसा गाता," एवढंच म्हणाले. त्यांचा तो चेहरा मी त्याआधी एकदाच पाहिला होता, पाटीला खिळे ठोकताना.

चौथ्या दिवशी दुपारी मी माहीमहून परत येत होतो. तापल्यावर गाडीतून टिकटिक येत होती, आदल्या दिवसापासूनच येत होती. जुनी गाडी थोडं बोलणारच, अशी मी स्वतःची समजूत काढली. शिवाजी पार्कवर सभा होती. माणसं लोंढ्याने येत होती आणि पोलिसांनी वाहनं दादरच्या पुलाकडे वळवली होती. ऑक्टोबरचं ऊन. पहिल्या गिअरमध्ये, माणसांच्या पावलांच्या वेगाने मी पुलाचा चढ चढत होतो. टिकटिक वाढत वाढत आतून कोणी हातोडी मारावी तशी ठकठक झाली. मी पाय उचलेपर्यंत एक मोठा धडाका झाला. मग धूर. खाली उतरून पाहिलं तर तेलाचा ओहोळ उताराने चालला होता, आणि इंजिनाच्या बाजूला मुठीएवढं भोक.

सभेला चाललेले लोक थांबले. खांद्यावर झेंडा घेतलेल्या एकाने दारावरचा खडू वाचला आणि विचारलं, "गाडीवाले, तुमच्या गाडीचा चळवळीला पाठिंबा आहे की विरोध?" लोक हसले. मग दहाबारा जणांनी गाडीला हात लावला. "ढकललीच पाहिजे", "हललीच पाहिजे" अशा घोषणा देत त्यांनी ती पूल ओलांडून बाजूला लावून दिली. मी पुढे बसून सुकाणू धरलं होतं आणि मान वर करवत नव्हती.

एका लॉरीने दोर लावून गाडी शिवडीला एका मिस्त्रीकडे नेली. गोदामांच्या रांगेत त्याची शेड होती, बंदरावरच्या लॉऱ्या दुरुस्त करायचा. त्याने भोकात बोट घातलं, मान हलवली आणि दोन दिवसांनी उघडून सांगतो म्हणाला.

घरी बाबांना सांगितलं. ते जेवत होते. घास खाली ठेवला.

"आवाज कसो इलो?"

"आधी टिकटिक. मग ठकठक. मग फुटलं."

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "मिस्त्रीक उघडू दे. उघडल्याबिगर कोणाक बोलू नको."

मला ते पटलं नाही. माझ्या डोक्यात सगळं जुळून आलं होतं. ते काकवीसारखं तेल इंजिनाची ठकठक दाबण्यासाठीच घातलं असणार. मोडकी गाडी विकणारे अशा युक्त्या करतात, हे मी ऐकून होतो. चाळीलाही ते लगेच पटलं. गिरगावातल्या वकिलाने लालबागच्या पोराला गंडवलं, ही गोष्ट ऐकायला सोपी होती. विणकर म्हणाला, "पांढरपेशा माणूस गोड बोलायला लागला की आपण खिसा धरावा." मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरगाव गाठलं. वकीलसाहेब जिन्यातच भेटले, देवळातून येत होते. हातात फुलांची पुडी. वर येऊन बसा म्हणाले. मी बसलो नाही. जिन्यातच बोललो, आणि हळू बोललो नाही.

"गाडी घेतली नाही तोच इंजिन फुटलं. तुम्हांला ठाऊक होतं. जाड तेल घालून आवाज दाबलात. मागच्या सीटचा डागसुद्धा कापड घालून लपवलात. गिरणगावातलं गिऱ्हाईक बघून गळ्यात मारलीत."

वरचं एक दार उघडलं, खालचं एक उघडलं. वकीलसाहेबांनी कठडा धरला.

"मी दिलेला कागद वाचलात का?" त्यांनी विचारलं.

"मला गाडी हवी होती, कागद नको होता."

त्यांनी फुलांची पुडी छातीशी धरली. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "मिस्त्रीने उघडल्यावर कळवा. मी येईन." आणि एकेक पायरी चाचपत वर गेले. दारातल्या लोकांनी त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांचे शेजारी, पण त्या नजरेत शंका आलेली मला दिसली. मी जिंकून आल्यासारखा खाली उतरलो.

दोन दिवसांनी मी आणि बाबा शिवडीला गेलो. बाबांनी पाळी बदलून घेतली होती. मिस्त्रीने इंजिन उघडून फळीवर मांडलं होतं. दट्ट्याचा दांडा तुटलेला. धुऱ्याभोवतीचा मऊ धातू वितळून मेणासारखा ओघळलेला. मिस्त्रीने तळात उरलेलं तेल दोन बोटांत घेतलं, बोटं उघडली, मिटली आणि माझ्याकडे बघितलं.

"साब, ये तेल किसने डाला? ये तो मिल का तेल है. चाती का. इंजिन में ये पानी के बराबर है. गाड़ी का दोष नहीं है."

बाबा माझ्या उजव्या हाताला उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "मी," असं म्हणालो. तोंडातून ते आपोआप निघालं.

"पढ़ेलिखे होके?" मिस्त्री म्हणाला.

बाबांनी पुढे होऊन तो वितळलेला धातू हातात घेतला. अंगठ्याने दाबून पाहिला. मग ठेवला आणि शेडच्या बाहेर जाऊन उभे राहिले.

गाडीतलं सामान काढून घ्या, असं मिस्त्रीने सांगितलं, म्हणून मी पुढचा कप्पा उघडला. चौघडी तशीच होती. तिथेच उभ्याने वाचली. पहिलीच ओळ तेलाची होती. चाळीस नंबरचं जाड तेलच घालावं. तेलाच्या दाबाचा काटा बंद आहे, त्यावर विसंबू नये. पातळ तेल घातल्यास इंजिन शंभर मैलसुद्धा टिकणार नाही. त्या ओळीखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी मारलेल्या, वाकड्या.

पुढचे तीन दिवस मी कुठेच धड नव्हतो. गोष्ट तशी साधी होती. मी गप्प बसलो तर कोणालाही काही कळणार नव्हतं. शिवडीचा मिस्त्री लालबागला येऊन सांगणार नव्हता. चाळीने वकिलाला दोषी ठरवलं होतं आणि विषय संपला होता. बाबांचं नाव तसंच राहिलं असतं. ते दीड वर्षात निवृत्त होणार होते आणि गावी जाताना त्या नावाशिवाय बरोबर न्यायला त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. पण गिरगावच्या त्या जिन्यात एक निर्दोष माणूस रोज चढत-उतरत असणार, दोन्ही दारांसमोरून. ते मी केलं होतं. माफी मागायची तर तेलाचं सांगावं लागणार, आणि तेलाचं सांगायचं तर बाबांचं.

शेवटी मी ठरवलं की मिस्त्रीला सांगितलं तेच वकिलांनाही सांगायचं. तेल मी घातलं. एकाच खोट्यात दोघांची अब्रू राहते, असा माझा हिशेब होता. आणि खरं सांगायचं तर त्यात मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटत होतं. बापाला सांभाळून घेणारा शिकलेला मुलगा.

रविवारी सकाळी मी चपला घालायला लागलो तर बाबा कोट आणि काळी टोपी घालून तयार.

"गिरगावाक ना? मीय येतंय."

"तुम्ही कशाला?"

"मशीन कोणाचा होता ता बघूक नको?"

वकीलसाहेबांनी दार उघडलं. आम्हांला पाहून त्यांनी एक पाऊल मागे घेतलं. पण घरात घेतलं, खुर्च्या दिल्या. बाबा खुर्चीच्या कडेवर बसले. वकीलसाहेबांची बायको आतल्या दारात उभी राहिली, पाणी न देता.

मी पाठ केलेलं बोलून टाकलं. "गाडीचा दोष नव्हता. मी चुकीचं तेल घातलं होतं. तुम्हांला नाही नाही ते बोललो, त्याची माफी मागायला आलोय."

वकीलसाहेब काही बोलणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "खोटं बोलतोय तो, साहेब."

बाबा घराबाहेर अशी शहरी मराठी बोलायचे, एकेक शब्द ठेवून ठेवून.

"तेल मी घातलं. दसऱ्याला. मी साच्यात तेलवाला आहे, अठ्ठावीस वर्षं. मला वाटलं तुम्ही मशीनला वाईट तेल देत होता. मला वाटलं मला कळतं. चात्यांचं तेल घातलं मी. याला काही माहीत नव्हतं."

वकीलसाहेबांनी हळूच विचारलं, "पण मी कागदावर लिहिलं होतं. पहिलीच ओळ."

बाबा माझ्याकडे वळले. कागदाचं त्यांना मी अजूनही सांगितलेलं नव्हतं. खिशातून तो काढून मी टेबलावर ठेवला.

"माझ्याकडे होता," मी म्हणालो. "मी वाचला नाही."

"का?"

"तुम्ही विचारलंत, इंग्रजी वाचता येतं ना."

वकीलसाहेब माझ्याकडे बघत राहिले. "अहो, मी सगळ्यांना विचारतो," ते म्हणाले. "माझं अक्षर लागत नाही कुणाला. जावयाला विचारलं होतं, तो बॅरिस्टर आहे."

आतल्या दारातून बायको म्हणाली, "आणि तो वर्षभर आमच्याकडे आला नव्हता."

कोणी हसलं नाही, पण हवा जरा सैल झाली. बाबांनी कागद वकीलसाहेबांपुढे सरकवला. "साहेब, मराठीत सांगा काय लिवलंय." डोळ्यांना दिसत नसल्याने वकीलसाहेबांनी तो वाचला नाहीच, पाठच म्हटला. बाबा ऐकत होते आणि मधे मधे विचारत होते. चाळीस नंबर म्हणजे काकवीसारखं? होय. हिवाळ्यातसुद्धा? होय, तिला तेच लागतं. बाबा मान हलवायचे. धंद्यातली दोन माणसं बोलतात तसं ते चाललं होतं, आणि मी त्यात कुठेच नव्हतो.

निघताना वकीलसाहेबांची बायको पुढे आली. "सीटच्या डागाचं बोललात तुम्ही," ती मला म्हणाली. "मागे गोळीबार झाला तेव्हा यांनी दोन जखमी माणसं त्या सीटवरून इस्पितळात नेली. तुमच्याच बाजूचे होते, परळचे. रक्ताचा डाग काही निघेना म्हणून मी कापड शिवलं. लपवायला नव्हे हो. बघवत नव्हतं."

मी वाकून दोघांच्या पाया पडलो.

आम्ही जिन्यात आलो. मी उतरायला लागलो तर बाबांनी दंड धरला.

"खय बोललेलस तू?"

"काय?"

"ह्यांका बोललेलस ता खय? घरात?"

"नाही. इथे."

"मग इथेच बोल."

वरचं दार उघडंच होतं. खालचंही आवाजाने उघडलं. वकीलसाहेब "अहो, राहू द्या" म्हणत होते, पण बाबा जिन्याच्या मधोमध उभे राहिले आणि हलेनात. मग मी बोललो, त्या दिवशी बोललो होतो तेवढ्याच मोठ्याने. गाडी चांगली होती, चूक आमची होती, यांनी लिहून दिलं होतं आणि मी वाचलं नाही. चारपाच वाक्यं. आजवर पुष्कळ लोकांसमोर बोललोय, पण इतकं कठीण कधी गेलं नाही.

परतताना लालबागपर्यंत आम्ही चालतच आलो. मी म्हणालो, "मला वाटलं, तुमचं नाव खराब होईल."

बाबा म्हणाले, "माझ्या हातान दोन साचे जळले आसत. तुका ठाऊक नाय. दोनय वेळेक मीच जावन खात्याच्या मास्तरांक सांगितलंय. तेलवाल्यान सांगूक नाय तर मागसून येतलो तेलवालो तीच चूक करतलो." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "तू माका सांभाळूक गेलंस. कागद वाचलो असतंस तर सांभाळूक लागला नसता."

एवढंच. मग लालबाग येईपर्यंत ते पुढे आणि मी मागे.

त्याच संध्याकाळी गॅलरीत माणसं बसली होती तेव्हा बाबांनी स्वतःहून सांगितलं. वकील सज्जन माणूस, तेल माझं चुकलं. मला वाटलं होतं, चाळ हादरेल. विणकराने तपकीर ओढली आणि विचारलं, "मग आता आमच्या शिवणयंत्राला कोण बघणार, तेलवाल्या?"

"मीच. पण कागद असलो तर घेवन या."

आणि खरंच, त्यानंतर कोणी काही घेऊन आलं की बाबा आधी कागद मागायचे. शिवणयंत्राबरोबर एखादं इंग्रजी पुस्तक आलेलं असायचं, ट्रंकेच्या तळाशी पडलेलं. लोक ते शोधून आणायचे. बाबा ते माझ्याकडे द्यायचे, आणि आता मला चिडवून हाक मारायचे, "ओ बी.एस्सी., हकडे ये."

गाडी तीन महिन्यांनी उभी राहिली. मिस्त्रीने दुसऱ्या एका मोडलेल्या गाडीचं इंजिन मिळवलं आणि बाबांनी पाळी सुटल्यावर कितीतरी संध्याकाळी त्याच्या शेडमध्ये घालवल्या. तेल भरायच्या दिवशी मी गेलो. बाबांच्या हातात झारी होती, भरलेली, जाड काळसर तेलाची. डब्यावर चाळीस हा आकडा होता, तो त्यांना वाचता येत होता. तरीही त्यांनी सदऱ्याच्या खिशातून वकीलसाहेबांचा कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

"वाच."

मी वाचलं. इंग्रजी ओळ मनात, मराठी मोठ्याने.

"परत वाच."

मिस्त्री फळीवर बसून हसत होता. "क्या पोथी चल रही है," म्हणाला. बाबांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मी दुसऱ्यांदा वाचलं, या वेळी सगळं, दोन्ही बाजू, काट्याचं, पाण्याचं, चढावर गिअर कधी बदलायचा त्याचं, शेवटच्या ओळीतल्या सहीपर्यंत. ते संपल्यावर बाबांनी टोपी सरळ केली आणि झारी वाकवली.